तालमीत भावाची पकड चटकन सुटत नाही. ईएमजीत (स्नायूंतली वीज मोजणाऱ्या तपासणीत) सुई घातल्यावर मशीनमधून बुलेट गाडी रेस केल्यासारखा आवाज का आला?

तो मशीनचा बिघाड नाही, भावाच्या स्नायूतंतूंचाच आवाज आहे. त्याला मायोटोनिक डिस्चार्ज म्हणतात. कोल्हापुरात ईएमजी टेक्निशियन आहे, म्हणून सांगतो: सुई जरा हलली की एकेक तंतू आपोआप सेकंदाला साधारण २० ते १५० वेळा विजेचे ठोके देतो, आणि त्यांचा वेग व उंची चढत-उतरत राहते. बहुतेकदा तंतूच्या आवरणातल्या क्लोराइड वाहिन्या (तंतूला शांत ठेवणारे सूक्ष्म मार्ग) कमी पडतात, त्यामुळे मेंदूचा हुकूम थांबला तरी तंतू थांबत नाही आणि मूठ आवळलेलीच राहते. मात्र नुसत्या आवाजावरून आजार ठरत नाही. थायरॉइड कमी असेल किंवा कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या चालू असतील तरी तो सापडू शकतो. नेमकं निदान न्यूरॉलॉजिस्टच करतील. ईसीजी मात्र टाळू नका, मायोटोनिक डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमकुवत करणारा आनुवंशिक आजार) निघाली तर हृदयाची लयही बिघडू शकते. आणि कुठलंही ऑपरेशन असो, भूलतज्ज्ञांना हे आधी सांगाच.