वाचकांचे प्रश्न : जुन्या छापचित्रांतले समुद्रराक्षस

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर आइसलँडचा एक रंगीत नकाशा सापडला, फ्रेम केलेला. भोवतीच्या समुद्रात डोक्यावरच्या नळ्यांतून पाणी उडवणारे अक्राळविक्राळ मासे आहेत, आयाळवाला घोडाही आहे. तो मूळ छाप आहे की नक्कल, हे घरी ओळखता येईल का? (एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : वर्णन सोळाव्या शतकातला फ्लेमिश नकाशाकार ऑर्टेलियस याच्या ‘इस्लांडिया’ या आइसलँडच्या नकाशाशी जुळतं. त्यावर १५८५ हे साल कोरलेलं आहे. त्याच्या नकाशासंग्रहाच्या पुरवणीत तो १५९० मध्ये आला. नकला भरपूर निघाल्यात, म्हणून आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि एखाद्या माशाची काळी रेघ पाहा. रेघ बारीक ठिपक्यांची दिसली तर ती ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्राची छपाई, पुढची तपासणी करायची गरज नाही. तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरलेली रेघ टोकाला निमुळती आणि मधे जाड असते, कारण कोरणी आत शिरताना आणि बाहेर निघताना दाब कमी असतो. शाई खाचेत भरून ओलसर कागद प्रेसखाली दाबतात, त्यामुळे तिरप्या उजेडात शाई किंचित उठून दिसते.

मग चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन शोधा. फक्त त्यावर भरवसा ठेवू नका : समास कापला असेल तर अस्सल चित्रातही तो नसतो, आणि नकलेवर मुद्दाम दाबूनही आणता येतो.

आता पाठ. फ्रेमचे खिळे मागून काढा. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तिथेच थांबा. संग्रहातल्या पानाच्या पाठीवर छापील मजकूर असतो. या नकाशातल्या प्राण्यांना A, B, C अशी अक्षरं दिलेली आहेत आणि त्यांची माहिती मागे आहे. कागद उजेडासमोर धरला की जवळजवळच्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, सुमारे अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या रेघा दिसायला हव्यात. एकसारखा, बिनरेघांचा कागद युरोपात १७५०च्या दशकात आला, म्हणजे तसा कागद असेल तर विषय संपला. जुना हिरवा रंग बहुधा तांब्यापासून केलेला असे आणि तो कागद खातो, म्हणून हिरव्याच्या मागे तपकिरी डाग असेल तर ती चांगली खूण समजा.

आणि चित्र कूलरसमोर लावू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कागदाला सगळ्यात जास्त ओल तिथूनच लागते, मग बुरशी धरते. लॅमिनेशन आणि सेलोटेप तर अजिबात नको. मागची प्लायवूड काढून आम्लरहित पुठ्ठा घाला, कागद आणि काच यांत फट ठेवा, पावसाळ्यात दर महिन्याला कसर लागली का ते बघा.

प्रश्न : आमच्या गावच्या देवळात मकर कोरलेला आहे. युरोपातल्या चित्रकारांचे समुद्री घोडे आणि बिशप (ख्रिस्ती धर्मगुरू) असेच कल्पनेतून आले का? (एक शिक्षक, आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : निव्वळ कल्पनेतून नाही. जमिनीवर जे जे आहे ते समुद्रातही आहे, ही लोकांची समजूत रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच नोंदवली होती. समुद्री गाय, डुक्कर, घोडा त्याच समजुतीत बसतात. रोंदले या फ्रेंच वैद्याने १५५४च्या मत्स्यग्रंथात समुद्री साधू आणि बिशप यांची चित्रंही छापली. डेन्मार्कजवळ सापडलेला तो साधू म्हणजे महाकाय माखूल (स्क्विड) असावा, असं डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप यांनी १८५०च्या दशकात मांडलं. माखुलाचं धड आणि बाहू डोळ्यांसमोर आणा, झग्यातला माणूस दिसायला वेळ लागत नाही.

बाकी प्रसार नकलेने झाला. ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्मगुरूचा उत्तर युरोपचा वुडकट (लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेला) नकाशा १५३९ मध्ये व्हेनिसला निघाला. त्यातले प्राणी जर्मन भूगोलकार म्युन्स्टरने घेतले, स्विस निसर्गअभ्यासक गेस्नरने १५५८ मध्ये घेतले, पुढे ऑर्टेलियसपर्यंत पोचले. देवमासा श्वास सोडतो तेव्हा उडणारा फवारा खलाशांनी लांबून पाहिलेला, चित्रात त्याच्या डोक्यावर दोन पक्क्या नळ्या झाल्या. वर्गात मुलांना हे दाखवायचं तर दोन चित्रं शेजारी ठेवा. ठोकळ्यावर सरळ उतरवलेला मासा छापल्यावर उलट्या दिशेने तोंड करतो, त्यामुळे तोंडं विरुद्ध असतील तर नक्कल झाल्याची शंका पक्की होते.