बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर नव्या फोन-प्लॅटफॉर्मवर आणताना सगळं पुन्हा लिहावं लागतं का?

नाही, इंजिन (मजकूर वाचणारा आतला भाग) आणि पडदा (वापरणाऱ्याला दिसणारा भाग) वेगळे ठेवले असतील तर नाही. क्रॉसवायर या संस्थेचा 'स्वोर्ड' हा बायबल-सॉफ्टवेअरचा प्रकल्प याचं उत्तम उदाहरण. त्याची मूळ लायब्ररी, म्हणजे इंजिनाचा तयार कोड, सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेतली, आणि तीच मॉड्यूल (मजकुराच्या फाइली) वाचणारी 'जेस्वोर्ड' ही लायब्ररी जावा भाषेतली. अँड्रॉइडवर ॲप्स जावात लिहिली जात, त्यामुळे 'अँड बायबल' हे ॲप जेस्वोर्डवर उभं राहिलं. आयफोनवरच्या 'पॉकेटस्वोर्ड' ॲपने सी++ ची लायब्ररी वापरली. भाषांतरं, शब्दकोश, भाष्यं यांची मॉड्यूल दोन्हीकडे तीच. नव्याने लिहावा लागतो तो मुख्यतः स्क्रीनचा भाग.

खरा घाम निघतो तो मजकूर दाखवताना. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर तर आपली देवनागरीही धड दिसत नसे, जोडाक्षरं सुटी पडत, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाई. मराठी बायबल वाचणाऱ्याला असा मजकूर देणं मला तरी पटत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात हिब्रू, ग्रीक आणि देवनागरी खऱ्या फोनवर तपासा, एम्युलेटरवर (संगणकावर चालणाऱ्या नकली फोनवर) विसंबू नका.

वचनांचे क्रमांकही सगळीकडे सारखे नसतात. 'किंग जेम्स' या इंग्रजी भाषांतरात योएलच्या पुस्तकातलं जे वचन २:२८ आहे, ते हिब्रू पाठात ३:१ असतं. दोन पाठ शेजारी-शेजारी दाखवायचे तर ही जुळवणी इंजिनातच हवी.

आणि परवानग्या आधी बघा. आधुनिक भाषांतरांचे हक्क बहुधा बायबल सोसायट्या किंवा प्रकाशकांकडे असतात. डेस्कटॉपसाठी मिळालेली परवानगी फोनला लागू होईलच असं नाही, ती लेखी घ्या.