चीनमधल्या शीआनची मोठी मशीद पाहायला जाताय? मग थोडं ऐका

पहिल्यांदाच जाताय म्हणून सांगतो, घुमट आणि उंच मिनार शोधत बसू नका, ते तिथे नाहीत. ड्रम टॉवर म्हणजे शहरातला जुना नगाऱ्याचा मनोरा, त्याच्या मागच्या बाजारातून, ह्वाज्युए गल्लीत दुकानांच्या गर्दीतून वाट काढत गेलात की दार सापडतं. आत पाऊल टाकताच बाहेरचा गोंगाट मागे पडतो.

परंपरेनुसार स्थापना इ.स. ७४२ची, पण आजच्या बहुतेक इमारती मिंग राजघराण्याच्या काळातल्या, १३९२ नंतरच्या. चिनी देवळं-राजवाडे सहसा दक्षिणाभिमुख. इथे मात्र एकामागून एक चौक पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे मक्केच्या दिशेने जातात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीत की सगळी मांडणी उलगडते. मधला तीन मजली अष्टकोनी मनोरा म्हणजेच इथला मिनार. मी तो पहिल्या खेपेला बागेतला मंडप समजून ओलांडून गेलो होतो!

घाई करू नका. विटांवरची कोरीव फुलं, कमानींवरची अरबी अक्षरं अगदी जवळ जाऊन बघा. चिनी कुंचल्याच्या वळणाने लिहिलेली अरबी अक्षरं पाहून मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.

नमाजघरात मुस्लिमेतरांना प्रवेश नसतो. उंबऱ्याबाहेरून पाहा, तेवढ्यानेही मन भरतं. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला आणि नमाजाला निघालेल्या आजोबांच्या तोंडावर कॅमेरा धरू नका. शुक्रवारची दुपार टाळा. सकाळी लवकर गेलात तर चौकात तुम्ही आणि पाखरंच असाल.