जुन्या चौकोनावरून नवी गोधडी: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात वाकळ, गोधडी आणि पॅचवर्क यांविषयीची पत्रे मुख्यतः सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून आली आहेत. घरात सापडलेल्या किंवा बाहेरून आलेल्या जुन्या कामावरून नवे काम कसे उभे करावे, हाच बहुतेकांच्या विचारण्याचा रोख आहे. सारखे असलेले प्रश्न एकत्र करून त्यांतील चार निवडक येथे घेतले आहेत.

प्रश्न : अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भाचीने तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून कापडाचे तुकडे जोडून केलेले आठ चौकोन आणून दिले. प्रत्येकात नऊ घरे असून मध्यभागी चांदणी आहे. आकार साधारण बारा इंचांचा, पण एक चौकोन दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. हेच चौकोन वापरून गोधडी शिवावी, की ते जपून त्यांच्यावरून नवी करावी? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आपण वर्णन केलेली मांडणी तिकडे ‘ओहायो स्टार’ या नावाने ओळखली जाते आणि ती एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. अमेरिकी पद्धतीत असा प्रत्येक चौकोन, ज्याला तिथे ब्लॉक म्हणतात, स्वतंत्रपणे मांडीवर घेऊन शिवला जातो. पुरेसे चौकोन झाले की ते एकमेकांना जोडतात, आणि आतला थर व अस्तर घालून टाके मारण्याचे काम त्यानंतर होते. साहजिकच, मध्येच काम थांबले, कापड संपले किंवा मांडणी लक्षात राहावी म्हणून एखादाच नमुना करून ठेवला, की असे सुटे चौकोन मागे उरतात. तिकडचे हौशी लोक त्यांना ‘ऑर्फन ब्लॉक’ म्हणतात.

ते वापरावेत की नाही, हे कापडाच्या अवस्थेवर ठरवावे. विशेषतः तपकिरी आणि काळ्या छपाईचे तुकडे नीट पाहावेत. त्या काळी हे रंग पक्के बसवण्यासाठी लोहक्षार वापरत आणि त्यामुळे कापड वर्षानुवर्षे आतून झिजत जाते. शेजारचा गुलाबी तुकडा शाबूत आणि तपकिरी फुलांच्या जागी मात्र भोके, असे पुष्कळदा दिसते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना बोटांनी अगदी हलका ताण देऊन पाहावा. धागा सुटत असेल, भुसा पडत असेल किंवा कापड कागदासारखे करकरत असेल, तर ते पांघरुणात घालू नये, कारण पांघरूण धुतले जाते, ओढले जाते आणि मुले त्यावर उड्या मारतात. कापड धड असले तरी माझा कल नवी गोधडी करण्याकडेच आहे. जुन्या आठांपैकी एखादा काचेच्या चौकटीत, थेट उन्ह लागणार नाही अशा भिंतीवर लावावा आणि बाकीचे सुती कापडात गुंडाळून ठेवावेत.

नवा चौकोन आखताना जुन्याची कड मोजू नये, शिवणीपासून शिवणीपर्यंतचे अंतर मोजावे. आठही चौकोनांची मापे लिहून काढली की बहुधा बारा इंचांच्या आसपास घोटाळणारे आकडे मिळतील. तेव्हा पूर्ण झालेला चौकोन बारा इंचांचा आणि त्यातले प्रत्येक घर चार इंचांचे धरावे. शिवणीसाठी सर्व बाजूंनी पाव इंच माया सोडायची, म्हणून साधी घरे साडेचार इंचांची कापावीत. चांदणीच्या टोकांची चार घरे प्रत्येकी चार त्रिकोणांची असतात. त्यांसाठी सव्वापाच इंचांचा चौरस कापून तो दोन्ही कर्णांवर छेदावा, म्हणजे एका चौरसातून चार त्रिकोण मिळतात. एका चांदणीला असे सोळा त्रिकोण लागतात, म्हणजे टोकांच्या रंगाचे दोन चौरस आणि भुईच्या, म्हणजे चांदणीमागच्या कापडाच्या, रंगाचे दोन चौरस पुरतात.

अशा तऱ्हेने कापण्याचे कारणही सांगणे अवश्य आहे. त्रिकोणाची लांब बाजू घराच्या बाहेरच्या अंगाला येते आणि ती उभ्या किंवा आडव्या धाग्यावर असल्याने ताणली जात नाही. जुन्या चौकोनांत ही बाजू पुष्कळदा उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या अंगाने, आलेली असते, कारण हाताशी आलेल्या चिंधीतून जसा निघेल तसा त्रिकोण काढलेला असतो. अशी कड शिवताना आणि इस्त्री करताना लांबते. आपले आठ चौकोन एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे हे एक कारण असण्याचा संभव मोठा आहे. ते तरीही जोडायचेच असतील, तर ताणून किंवा चुण्या घालून बरोबरी साधू नये. प्रत्येकाभोवती नव्या कापडाची रुंद पट्टी जोडावी आणि ती पट्टी कापून सर्वांचे माप सारखे करावे.

मांडणीविषयी एक सूचना. आठ चांदण्या आणि सात साधे चौकोन बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक ठेवले, तर तीन चौकोन रुंद आणि पाच चौकोन लांब असा छत्तीस इंच बाय साठ इंचांचा पट्टा तयार होतो. त्याला चहूबाजूंनी सहा इंचांचा काठ दिला की अठ्ठेचाळीस बाय बहात्तर, म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाचे माप येते. साध्या चौकोनांमुळे शिवण निम्मी होते आणि चांदणी उठूनही दिसते. मात्र जुन्या चौकोनातून केवळ चांदणीच उचलायची असेल, तर ती कोणत्याही नमुन्यांच्या पुस्तकात मिळाली असती. आपल्याकडचे आठ नमुने शेजारी शेजारी ठेवून, शिवणाऱ्या बाईचे कापड कुठे संपले आणि तिने तिथे काय केले, ते शोधावे. एखाद्या टोकाची छपाई वेगळी असेल, एखादा तुकडा आत जोड देऊन पुरवलेला असेल, रेघांचे कापड एका घरात उभे तर दुसऱ्यात आडवे आले असेल. घेण्याजोगे आहे ते हे, आणि नव्या गोधडीत ते एक-दोन ठिकाणी जाणीवपूर्वक आणावे. सर्वत्र आणले तर ढोंग वाटते.

प्रश्न : आजीच्या हातची वाकळ फाटली आहे. मध्ये एक चौकोन, त्याभोवती चौकटी आणि चार कोपऱ्यांत त्रिकोण अशी तिची रचना आहे. यातून ब्लॉक काढता येईल का? (एक वाचक, वाई)

उत्तर : वर सांगितलेली ब्लॉकची रीत आपल्या वाकळेला लागू पडत नाही. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरले जातात, वरच्या थरावर तुकडे ठेवून त्यांच्या कडा आत दुमडल्या जातात आणि धावदोरा सगळे थर घेऊन कडेकडून फेरे मारत मध्याकडे सरकतो. तुकडा जोडणे आणि थर एकत्र बांधणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात होतात. कर्नाटकातील उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी स्त्रियांची कवंडी याच तत्त्वावर कडेपासून आत शिवली जाते आणि तिच्या कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाचे छोटे त्रिकोणी तुकडे लावतात. यामुळे वाकळेचा अभ्यास घरांच्या हिशेबाने न करता फेऱ्यांच्या हिशेबाने करावा लागतो.

वाकळ सावलीत सपाट अंथरून, स्टुलावर उभे राहून वरून सरळ छायाचित्र घ्यावे. मग बाहेरच्या चौकटीपासून मध्यापर्यंत प्रत्येक पट्टीची रुंदी चारही बाजूंना मोजून चौकटीच्या वहीत उतरवावी. जुन्या कापडावर पेनची किंवा खडूची खूण करू नये. चारही बाजूंची मापे सारखी येणार नाहीत आणि ती सारखी करण्याच्या मोहात पडू नये. पट्टी बऱ्याचदा लुगड्याच्या काठाची असते, म्हणून काठ जेवढा रुंद तेवढीच चौकट झालेली असते. काठ संपला की तिथे दुसरा, कमी रुंदीचा, लावलेला असतो. सांगली आणि साताऱ्याकडच्या जुन्या वाकळांत इरकलीचा काठ आणि तांबडा-पांढरा पदर सहज ओळखू येतो. मध्यभागासाठी किंवा कोपऱ्यांसाठी खणाचे तुकडे घेतलेलेही दिसतात. कुठे कापडाच्या मधोमध एक लांब जोड दिसला, तर ते विरलेला मधला भाग काढून दंड घातलेले लुगडे असू शकते. फाटक्या जागेतून आतले थरही दिसतील, परंतु ते पाहण्यासाठी शिवण उसवू नये.

नवी वाकळ करताना आपल्याजवळच्या काठाची रुंदी आधी धरावी आणि आजीच्या चौकटींचे एकमेकींशी असलेले प्रमाण राखून बाकीची मापे त्यावरून काढावीत. समजा, जुन्या वाकळेची बाहेरची चौकट तीन इंचांची आणि तिच्या आतली सहा इंचांची आहे आणि आपल्याकडचा काठ चार इंचांचा आहे, तर आतली चौकट आठ इंचांची करावी. अमेरिकी धाटणीचा ब्लॉकच हवा असेल, तर संपूर्ण रचना लहान न करता एकच कोपरा उचलावा. चार ठिकाणी चार दिशांना फिरवून ठेवलेला तो कोपरा पूर्ण वाकळेच्या छोट्या प्रतिकृतीपेक्षा पुष्कळ चांगला दिसतो.

कापडाबाबत मात्र तडजोड करू नये. कृत्रिम धाग्याच्या साड्या सुईखाली घसरतात, थर एकमेकांना धरत नाहीत आणि धावदोरा ढिला पडतो. वापरून मऊ झालेल्या सुती साड्या नसतील, तर इचलकरंजी किंवा विट्याच्या यंत्रमागांवरचे साधे सुती कापड घ्यावे, पण ते रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढून आणि वाळवूनच कापावे. न धुतलेले कापड पहिल्या धुण्यात आटते आणि सगळी चौकट आखडते.

प्रश्न : जुन्या तुकड्यांचे रंग विटलेले आहेत. नव्या कामासाठी तेच फिके रंग घ्यावेत का? (एक वाचक, कराड)

उत्तर : घेऊ नयेत, निदान मूळ रंग पाहिल्याशिवाय तरी नाहीत. तुकड्याची उलटी बाजू आणि शिवणीत दुमडलेली माया उजेडापासून सुरक्षित राहिलेली असते. तिथे मूळ रंग बऱ्याच अंशी दिसतो. निळ्यावर पिवळा चढवून केलेल्या जुन्या हिरव्यातला पिवळा आधी उडतो आणि मागे निळसर पाने राहतात. काही जुने जांभळे उजेडाने तपकिरी होतात. म्हणजे आज जी मांडणी शांत, मातकट वाटते, ती शिवताना चांगली भडक असू शकते. फिके रंगच मनाला भावत असतील तर खुशाल घ्यावेत, फक्त ते जुन्या शिवणकरणीच्या आवडीचे म्हणून सांगू नयेत.

प्रश्न : आमचा महिला बचत गट गोधड्या शिवून विकतो. जुन्या परदेशी नमुन्यांवरून काम केले तर नक्कल केल्याचा दोष येतो का? आणि सुरुवात कोणत्या नमुन्यापासून करावी? (एका बचत गटाच्या सदस्या, विटा)

उत्तर : नऊ घरांचा चौकोन, चांदणी, पट्ट्यांच्या चौकटी अशा भूमितीय मांडण्या पिढ्यान्‌पिढ्या हातोहात गेलेल्या असून त्या कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या अमेरिकी वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ या काळात असे शेकडो नमुने छापले आणि त्यांतले पुष्कळसे वाचकांनी आपल्या घरचे म्हणून पाठवलेले होते. हयात रचनाकाराने आखलेला आणि विक्रीस ठेवलेला नमुना ही वेगळी गोष्ट आहे. तिथे परवानगी घ्यावी. आपल्या देशात लेखन आणि कलाकृतींवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, हेही ध्यानात ठेवावे.

अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतल्या आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या गोधड्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. त्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात भरले आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. कामावर घालायच्या जुन्या कपड्यांच्या त्या रचना मुक्त आणि सोप्या वाटतात, म्हणून सर्रास उतरवल्या जातात. परंतु प्रत्येक रचना कोणाची हे नावानिशी नोंदलेले आहे. त्यांच्याकडून कापड वापरण्याचे धाडस घ्यावे, विशिष्ट गोधडी जशीच्या तशी उतरवू नये.

सुरुवातीला ‘लॉग कॅबिन’ बरा. १८६० च्या दशकापासून अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या या चौकोनात मध्ये एक लहान, बहुधा तांबडा, तुकडा असतो आणि त्याभोवती अरुंद पट्ट्या फिरत जातात. लगतच्या दोन बाजूंना फिक्या आणि उरलेल्या दोन बाजूंना गडद. एकाच प्रकारचे चौकोन वेगवेगळ्या दिशांना वळवून ठेवले की कधी नांगरटीच्या तासांसारखे तिरके पट्टे, तर कधी एकात एक शंकरपाळ्याचे आकार उमटतात, त्यामुळे गटातील दहा जणींनी दहा घरांत शिवलेले काम शेवटी एकत्र जुळते. शिंप्याकडच्या पट्ट्या, खणाच्या उरलेल्या कडा, काहीही चालते. पूर्वी या पट्ट्या मागे एक पातळ कापड धरून त्यावर शिवत, तसेच आपणही मलमलीचा किंवा मांजरपाटाचा एकाच मापाचा चौकोन सर्वांना कापून द्यावा, म्हणजे प्रत्येकीचा हात वेगळा असला तरी माप बिघडत नाही. विक्रीच्या गोधडीवर मागच्या बाजूस वर्ष, गाव, शिवणारीचे नाव आणि मूळ मांडणी कुठली ते धाग्यानेच भरावे. चिकटवलेली पट्टी धुण्यात निघून जाते.