'ग्राहक' की 'नागरिक'?

पाणीपुरवठ्याच्या एका जाहीर सूचनेत असं वाक्य आहे: "दरवाढीबाबत ग्राहकांनी आपला अभिप्राय कळवावा." यात 'ग्राहक'च्या जागी 'नागरिक' घातलं तर अर्थ बदलतो का, असा प्रश्न आहे.

बदलतो, आणि चांगलाच बदलतो.

'ग्राहक' हा 'ग्रह्' धातूवरून आलेला, म्हणजे घेणारा. 'गिऱ्हाईक' हे त्याचंच रुळलेलं रूप. माल पटला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढतं. तेवढ्यानंच त्याचं म्हणणं पोचतं. 'नागरिक' मूळचा नगरात राहणारा. राज्यव्यवस्थेचा हक्कदार घटक हा अर्थ त्याला आधुनिक काळात चिकटला. या नागरिकाला दुकान बदलण्याची सोय नसते, त्याला बोलावंच लागतं. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये हीच विभागणी मांडली: कारभार बिघडला की माणूस एकतर निघून जातो, नाहीतर आवाज उठवतो. घरात येणारी जलवाहिनी एकच असेल तर निघून जाणार कुठे? उरतो तो आवाज.

शंका आली की क्रियापद लावून पाहावं. विकत घेणं, बिल भरणं, जोडणी तोडून मागणं ही ग्राहकाची कामं. जाब विचारणं, हिशेब मागणं, हरकत घेणं ही नागरिकाची.

आता ते वाक्य पुन्हा वाचा. 'ग्राहक' म्हटल्याबरोबर ज्याच्या नावावर जोडणी आहे तेवढाच माणूस उरतो. भाडेकरू, सार्वजनिक नळावर भरणारे, अर्ज करून जोडणीची वाट पाहणारे, सगळे गळाले. दर वाढल्याची झळ मात्र त्यांनाही बसते. दुसरी गफलत 'अभिप्राय' या शब्दात आहे. अभिप्राय ऐकून घेतला की काम संपतं; हरकत नोंदवली की तिचं काय झालं, हे विचारता येतं. म्हणून वाक्य असं हवं: "प्रस्तावित दरवाढीवर नागरिकांनी हरकती व सूचना नोंदवाव्यात." नागरिकत्वाचा संबंधच नसेल, फक्त त्या भागात राहणं पुरेसं असेल, तर 'रहिवासी' अधिक नेमका.

उलट बाजूनंही चूक होते. "नागरिकांनी थकबाकी भरावी" हे वाक्य वेळेवर बिल भरणाऱ्यांनाही थकबाकीदारांच्या रांगेत उभं करतं. तिथे 'थकबाकीदार ग्राहक' हेच बरोबर.

याच गोतावळ्यातला 'मतदार' मला फार मोलाचा वाटतो. 'मतदान'मध्ये दान आहे: दिलं, हातातून गेलं. 'मतदार'मधलं '-दार' मात्र फारसी, 'जमीनदार'मधलंच, म्हणजे बाळगणारा. मत देऊन झाल्यावरही तो मत बाळगूनच असतो. म्हणून 'मतदाता'पेक्षा 'मतदार' राखावा.

'लाभार्थी' जपून वापरावा. 'विद्यार्थी' म्हणजे विद्या इच्छिणारा, तसा 'लाभार्थी' म्हणजे लाभ इच्छिणारा. प्रत्यक्षात तो लाभ मिळालेल्यांसाठी रुळला आहे, त्यामुळे आकडे देताना घोटाळा होतो. यादीत 'अर्जदार', 'मंजूर' आणि 'लाभ मिळालेले' असे तीन रकाने वेगळे ठेवावेत. आणि जी गोष्ट कायद्यानं हक्काची आहे, तिथे 'लाभार्थी'ऐवजी 'हक्कदार' लिहावं.