चोर्ला घाट चढताना 1 बार बूस्टला (टर्बो वगैरेने इंजिनात दाबलेल्या हवेचा जादा दाब) फ्युएल प्रेशर 3 वरून 4 बार होतं. हे प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर बिघडला का?

नाही, रेग्युलेटर ठीक आहे. 1:1 प्रकारात बूस्टइतकंच प्रेशर वाढायला हवं. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं तोंड मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात उघडतं आणि तिथली हवा 1 बारने उलट रेटत असते. रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) 3 वरच राहिली तर फरक 2 उरेल, पेट्रोल कमी पडेल, आणि लीन इंजिनाचा पिस्टन जायला असा एक घाटही पुरतो. फोंड्यात गॅरेजवर हेच काम करतो, म्हणून सांगतो: काटा 3 वरच अडकला तर घाबरा. तेव्हा आधी रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बघा. टोकाला चीर असेल तर नळी बदला. आत पेट्रोलचा वास आला तर रेग्युलेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) फाटलाय. मात्र हे रिटर्न लाइनवाल्या (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी असलेल्या) पोर्ट इंजेक्शनपुरतं. डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं त्याचं, गणित वेगळं.