‘प्रादेशिक’ चित्रकला आणि ‘राष्ट्रीय’ अस्मिता

१९३०च्या दशकातील अमेरिकन चित्रकलेत ‘रिजनॅलिझम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहाला ‘प्रादेशिक चित्रकला’ म्हणावे का, आणि तसे म्हटल्यास ‘प्रादेशिक चित्रकलेने अमेरिकेची राष्ट्रीय अस्मिता घडवली’ हे वाक्य कानाला का खटकते, असा प्रश्न आहे.

वाक्य खटकते ते मराठीतील वापरामुळे. आपल्याकडे ‘प्रादेशिक’ हा शब्द ‘राष्ट्रीय’च्या समोर, किंबहुना एक पायरी खाली उभा असतो, प्रादेशिक पक्ष किंवा प्रादेशिक बातम्या हे त्याचे रोजचे प्रयोग. शिवाय ‘प्रादेशिक चित्रकला’ म्हटल्यावर मराठी वाचकाला वारली चित्रे किंवा पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे त्या त्या भागात परंपरेने चालत आलेली शैली आठवते. अमेरिकेतला प्रकार तसा नव्हता. आयोवाचा ग्रँट वुड, मिसूरीचा थॉमस हार्ट बेंटन आणि कॅन्ससचा जॉन स्टुअर्ट करी हे तिघेही युरोपातील कला पाहून परतलेले चित्रकार होते, आणि महामंदीच्या काळात अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील (‘मिडवेस्ट’मधील) शेते, गावे व माणसे रंगवताना देशाचे खरे रूप इथेच आहे, असा या चित्रांमागचा आग्रह होता.

वुडचे ‘अमेरिकन गॉथिक’ (१९३०) जवळून पाहावे. शेतकऱ्याच्या हातातील तीन दात्यांच्या दाताळ्याचा आकार त्याच्या कपड्याच्या छातीवरील शिवणीत पुन्हा उमटला आहे. मागच्या लहानशा लाकडी घराला मात्र युरोपातील चर्चसारखी कमानदार खिडकी आहे. घर आयोवातील एल्डन गावातले, ‘शेतकरी’ म्हणून उभे राहिलेले गृहस्थ दंतवैद्य आणि शेजारची स्त्री चित्रकाराची बहीण. आयोवातील काही जणांना ही आपली टिंगल वाटली, आणि पुढे तेच चित्र साऱ्या देशाचे प्रतीक होऊन बसले!

मग या प्रवाहाला मराठीत काय म्हणावे? ‘प्रांतवादी’ हा शब्द मला सर्वस्वी त्याज्य वाटतो, कारण मराठीत त्याला परप्रांतीयांविषयीच्या आकसाचा वास आहे. ‘ग्रामीण’ही अपुरा पडतो, बेंटनच्या ‘अमेरिका टुडे’ या भित्तिचित्रमालेत पोलादाचे कारखाने आणि न्यूयॉर्कची भुयारी रेल्वेही आहे. ‘प्रादेशिकतावादी’ अर्थाने बरोबर आहे, पण उच्चारताना दम लागतो. माझी पसंती ‘प्रदेशनिष्ठ चित्रकला’ या शब्दाला आहे, कारण ‘व्यक्तिनिष्ठ’प्रमाणेच त्यातील ‘निष्ठ’ चित्रकाराचा पाय कोठे रोवलेला आहे एवढेच सांगतो, आणि प्रदेशाला राष्ट्राविरुद्ध उभे करत नाही.

‘अस्मिता’ही येथे बदलावी. हा शब्द मराठीत बहुधा दुखावण्यासाठी किंवा जागृत होण्यासाठीच येतो, आणि येथे प्रश्न केवळ ओळखीचा आहे. तेव्हा ‘प्रदेशनिष्ठ चित्रकारांनी मध्यपश्चिमेलाच अमेरिकेची ओळख म्हणून पुढे केले’ असे वाक्य मी लिहीन.